कान दुकानात

१४ सप्टेंबर

ही वही बायकोने आणून दिली. म्हणाली, "दिवसभर माझ्या मागे लागून जे बोलता ते यात लिहा. वही दमत नाही."

मी आजवर लिहिलं ते फक्त बिलावर. मोटर जळाली. तार बदलली. बेअरिंग नवीन टाकलं. एवढ्यात माझं साहित्य संपतं.

तरी लिहितो, कारण दुसरा उद्योग नाही. बायकोला इथल्या औषधांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून मोठी नोकरी लागली आणि आम्ही चौघं बोजाबिस्तरा घेऊन आलो. ती, मी, पहिलीतली ठमी आणि अजून लंगोटातून पुरता बाहेर न पडलेला गुंड्या. करार वर्षाचा, पुढचं पुढे. तिच्यामागून मला पासपोर्टवर जो शिक्का मिळाला त्यावर लिहिलंय की या गृहस्थाने नोकरीधंदा करू नये, हा नवरा म्हणून आलेला आहे. तिकडे मोटर वाइंडिंगच्या दुकानात लोक मला शेठ म्हणतात. इथे सरकारदरबारी माझा हुद्दा नवरा. पगार नाही, बढती नाही, आणि चुकलं तर कामावरून काढायलाही कुणाला सवड नाही.

घर चांगलं आहे. तीन खोल्या, पांढऱ्या भिंती, पायाखाली गुळगुळीत लाकूड. खिडक्यांना दुहेरी काच. खाली रस्त्यावरून बस जाते ती नुसती दिसते, ऐकू येत नाही. मी मोटरींच्या घरघरीत लहानाचा मोठा झालेला माणूस. जिन्याखाली एक टेबल मांडून धंदा सुरू केला तेव्हापासून माझ्या कानावर जगलोय. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, की आत काय बिघडलंय ते मोटर स्वतः सांगते. इथे कानात कापूस कोंबल्यासारखं होतं. दुपारी फ्रिजजवळ खुर्ची घेऊन बसतो. तोच एक ओळखीचा आवाज.

१९ सप्टेंबर

इमारतीच्या लिफ्टचं वरचं बेअरिंग जातंय. तिसऱ्या मजल्याशी किरकिरतं. राखणदाराला हातवारे करून, तोंडाने किरकिर काढून दाखवली. त्याने मला पाण्याचा ग्लास आणून दिला.

बायकोला सांगितलं तर पोट धरून हसली. म्हणाली, "अहो, तुम्हाला काम करायची मनाई आहे, आजारी पडायची नाही. बसा जरा स्वस्थ." स्वस्थ कसं बसतात ते मला कुणी शिकवलेलं नाही.

२६ सप्टेंबर

आज मला जी युक्ती सुचली ती आल्या दिवशीच सुचायला हवी होती.

दुकान मी मिस्त्रीवर टाकून आलोय. मिस्त्री म्हणजे जिन्याखालच्या टेबलापासूनचा माझा माणूस. हात सोन्याचा, तोंड शिवलेलं. रोज फोन केला की "ठीक आहे शेठ" याच्या पुढे गाडी जात नाही. ठीक म्हणजे किती ठीक? गिऱ्हाईक कोण आलं, कुणाची मोटर तयार झाली, काही कळत नाही.

तेव्हा आज मी त्याला सांगितलं, दुकानातला जुना फोन टेस्टिंगच्या टेबलावर खिळ्याला टांगायचा आणि लाइन चालूच ठेवायची. दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत. तुम्ही तुमचं काम करा, मी नुसता ऐकतो.

मिस्त्रीने हातोडी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "देवाच्या फोटोशेजारी टांगू का?"

"टांगा कुठेही. ऐकू आलं म्हणजे झालं."

इथली दुपारची जेवणं उरकली की तिकडे शटर उघडतं, आणि शटर पडतं तेव्हा इथे मुलं झोपलेली असतात. आज कानात इअरफोन घातला आणि शटरचा तो खडखडाट ऐकला तेव्हा, खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. मग हातोडी. मग कुणीतरी चहा ओतला. मग मोटर चालू केली. मी इथे भांडी घासत होतो आणि तिथे माझं दुकान चालू होतं. दोन्ही एकदम! लोकांना एक घर धड चालवता येत नाही.

५ ऑक्टोबर

आता घडी बसली. डावा कान दुकानाला, उजवा घराला. दुपारी ठमीला शाळेतून आणतो, गुंड्याला भरवतो, संध्याकाळी बायको येईपर्यंत कुकर लावतो, आणि मध्येमध्ये तिकडे आवाज टाकतो. "मिस्त्री, त्या मिक्सरवाल्या बाईंना उद्याचा वायदा करू नका." "शेठ, तुम्हाला कसं कळलं?" "अहो, ऐकतोय ना!" सगळे चपापतात. मजा येते.

एक नवल आहे. मिस्त्रीचा हात माझ्या मागे सुधारलाय. पूर्वी दहांतल्या एखाद्या मोटरला टेबलावर बारीक घरघर राहायची. आता जी लावावी ती लोण्यासारखी. चालू करतात तेव्हा 'खट्' होतं, मग एकदम शांत. मी म्हटलं, "मिस्त्री, वा!" तो म्हणाला, "काय वा?" विनय आहे माणसात.

ठमी हुशार आहे. काही सांगायचं असलं की उजव्या बाजूला येऊन उभी राहते. कुणी शिकवलं नाही, आपणहून. डाव्या बाजूला असली तर मागून वळसा घालून येते.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

गुरुवारी दुकानाला सुट्टी. ठमीला वार बरोबर कळतो, सकाळी उठल्या उठल्या विचारते, "आज गुरुवार?" घरातल्या सगळ्या गोष्टी आता गुरुवारावर पडतात. पडद्याचा दांडा, गुंड्याचे केस, बायकोचं गाऱ्हाणं.

आज संध्याकाळी बायको चहाचे दोन कप घेऊन समोर येऊन बसली. कप खाली ठेवला, उचलला, परत ठेवला. म्हणाली, "एक बोलायचं होतं. साहेबांनी मला आज बोलावलं होतं."

तेवढ्यात मिस्त्रीचा फोन. सुट्टीच्या दिवशी म्हणजे तसंच काही असणार. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची पाण्याची मोटर बंद पडून बसली होती. आतल्या खोलीत जाऊन त्याला एकेक जोडणी सांगितली. बाहेर आलो तोवर ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"हां, काय म्हणत होतीस?"

"काही नाही. झालं."

साहेब बहुतेक काहीतरी टोचून बोलला असणार. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक रोज बोलतं, आपण पाठ फिरली की विसरतो. नोकरीत माणूस मनाला लावून घेतो. तिला तसं समजावलं. तिने एका उशीच्या अभ्र्याची चार वेळा घडी घातली आणि उलगडली. हवा मानवत नसावी.

२४ ऑक्टोबर

आज ठमीने काय नाटक केलं! गुंड्याला समोर बसवलं, स्वतः खुर्चीवर बसली, कानात खोडरबर घातलं आणि सुरू. गुंड्या "बाबा, बाबा" म्हणून तिचा गुडघा ओढतोय आणि ही भिंतीकडे बघून, "हं. हं. हो का? वार्निश सुकू द्या. हं." माझा हुबेहूब आवाज! शेवटी गुंड्या रडला तर त्याच्या डोक्यावर न बघता हात फिरवला आणि परत "हं."

मी हसून हसून बेजार. पोरीला माझा कान आलाय. बायकोला करून दाखव म्हटलं, तर बायको म्हणाली, "मी पाहिलंय. रोजचा खेळ आहे त्यांचा."

३ नोव्हेंबर

बायको तापाने पडली. कारखान्यात तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारी एक चष्मेवाली बाई तिचं काहीतरी सामान घेऊन दुपारी आली. मी खांद्यावर टॉवेल, कडेवर गुंड्या, कानात दुकान, अशा अवतारात दार उघडलं.

तिने मला खालीवर बघितलं. माझी इथली भाषा मोडकी असली तरी कान मोडके नाहीत. म्हणाली, "तुम्ही तिचे भाऊ का?"

"नवरा."

"अरे वा! आलात? कधी? ती तर म्हणत होती, नवरा अजून तिकडेच आहे."

मी आयुष्यभर गिऱ्हाइकं हाताळली आहेत. चेहऱ्याची रेघ हलू दिली नाही. म्हटलं, "हो, नुकताच." ती खूश. गुंड्याच्या गालाला हात लावला आणि गेली. त्याच वेळी कानात मिस्त्री कुणालातरी म्हणत होता, "शेठ ऐकतायत, नंतर बोलू."

४ नोव्हेंबर

काल तिला विचारणार होतो, नाही विचारलं. तापातल्या माणसाला काय विचारायचं! आज विचार करून उलगडा झाला. ऑफिसात संध्याकाळी जेवणं, मेजवान्या असतात, जोडीने या म्हणतात. तिला आवडत नाही ते. म्हणून नवरा तिकडे आहे असं ठोकून दिलं असणार. मीही उधारी मागायला येणाऱ्याला "शेठ बाहेरगावी गेलेत" असं माझ्याच तोंडाने सांगितलेलं आहे. हसू आलं. बायको माझ्या वळणावर जातेय.

पण मग चष्मेवालीला ते सांगताना तिला मेजवानीचं कुणी विचारलं होतं का? असो.

११ नोव्हेंबर

मिस्त्रीशी पहिल्यांदा खटका उडाला. दूध डेअरीच्या थंड खोलीची मोटर तयार होती, गाडी दारात उभी, आणि हा अडून बसला. म्हणे, बेअरिंग बोलतंय, एक दिवस ठेवू.

"मिस्त्री, मी इथून ऐकतोय. काही बोलत नाहीये."

"मला हाताला लागतंय शेठ."

"हाताचं सोडा. माझा कान कधी चुकलाय? लोण्यासारखी चाललीये. द्या पाठवून."

दिली पाठवून. एकदा सैल सोडलं की माणसं डोक्यावर बसतात. या सगळ्या गडबडीत बायको दोनदा काहीतरी विचारून गेली. भाजीचं असावं.

१४ नोव्हेंबर

मोटर जळाली. थंड खोलीतलं सगळं दूध नासलं. डेअरीवाला दुकानात येऊन चार लोकांसमोर जे जे बोलला ते मी इथे भाजी चिरता चिरता ऐकलं, आणि काही बोलू शकलो नाही, कारण त्याला भिंतीवरच्या फोनमधून काय बोलणार? मिस्त्री त्याला म्हणाला, "चूक माझी आहे." एवढंच. माझं नाव घेतलं नाही.

डेअरीवाला गेल्यावर मिस्त्रीने खिळ्यावरून फोन काढून हातात घेतला. आवाज एकदम जवळून आला.

"शेठ, एक करून दाखवतो. तुमच्या कानात इअरफोन आहे ना? ऐका."

काहीतरी चालू केल्याचं 'खट्' झालं. मग शांत.

"काय ऐकू येतंय?"

"काही नाही. बंद केलं?"

"बंद नाही. मोडीत काढलेली ती जुनी मोटर लावलीये. बुश गेलेलं, पंखा घासतोय. शेजारचा किराणावाला कानावर हात ठेवून बाहेर आलाय." आणि मग म्हणाला, "काल रात्रभर मला चैन नव्हती. घरचा फोन आणून दोन्हींवर ऐकून बघितलं. माणूस बोललेलं येतं, भांडं पडलेलं येतं. सारखी एका सुरात चालणारी घरघर फोन गाळून टाकतो. बोलणं नीट ऐकू यावं म्हणून."

मी सुरीच खाली ठेवली. म्हणजे या दीड महिन्यात ज्या मोटरींना मी 'वा' म्हटलं त्या कशा चालल्या होत्या ते मला ठाऊकच नाही.

"मिस्त्री, तुम्ही आधी का नाही बोललात?"

"कुठे बोलू? तुम्ही वर टांगलेले. पोरं हसायची बंद झाली, गिऱ्हाईक बसायचं बंद झालं, शेठ ऐकतायत म्हणून. दुकानात मयत झाल्यासारखं वाटतं." आयुष्यात इतकं कधी बोलला नव्हता. "उद्यापासून फोन टांगणार नाही. भरवसा असेल तर माझ्यावर सोडा. नसेल तर येऊन बसा. तुमची जागा तुमचीच आहे. पण हे असं नको."

आणि फोन बंद केला. माझ्या दुकानात माझा फोन!

१५ नोव्हेंबर

चिडलोय. दिवसभर चिडलेलो होतो. ठरवलं, जायचं. महिनाभर जाऊन बसायचं, घडी बसवायची. महिनाभर म्हणजे लागले तर दोन.

१७ नोव्हेंबर

ठमीला शाळेतून आणलं. कानात काही नव्हतं. ती नेहमीसारखी माझ्या उजव्या हाताला, गप्प. दोन चौक गेल्यावर मी म्हटलं, "काय ठमाबाई, आज मौनव्रत?"

"दुकान चालू आहे ना आता."

"नाही. आज नाही."

ती थांबली. मला खाली वाकायला लावलं. एक कान बघितला, मग दुसरा बघितला, डॉक्टर बघतात तसा. आणि मग जे नळ फुटल्यासारखं सुरू झालं! बाकावर शेजारी बसणारी मुलगी तिला खाऊ देते पण बोलत नाही. बाईंनी तिला खिडकीजवळ बसवलं, तिथे थंडी वाजते. एकदा तिला शू लागली होती आणि त्या भाषेत कसं सांगायचं ते आलं नाही. मग काय केलं? "मग घरी आले." एवढंच. ते मी सोडून दिलं, कारण तिने सोडून दिलं होतं. आणि हसली तेव्हा बघितलं, पुढचा दात नाही.

"अगं, दात कधी पडला?"

"कधीच पडला! तुला दाखवला होता की. तू म्हणालास, हं, छान, गाडीत भरा."

मला गाडी कुठली तेही आठवलं. घरापर्यंत ती बोलत होती आणि मी मोजत होतो की यातलं काय काय मला आधी सांगून झालेलं असेल. हिशोब लागेना.

१८ नोव्हेंबर

घरात किती आवाज आहेत! गुंड्या झोपेत दात खातो. बायको स्वयंपाकघरात असली की स्वतःशी पुटपुटते. भांडी लावताना म्हणते, "हे इथे, हे इथे, आणि हे तुमच्या डोंबलावर." कुणाला म्हणते ते विचारलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

मुलांना खाली बागेत घेऊन गेलो. मुलं घसरगुंडीवर, आम्ही बाकावर. बायको म्हणाली, "गुरुवार नाहीये, पण एक विचारलं तर चालेल का?"

मी म्हटलं, आधी माझं ऐक. दुकान अडचणीत आहे, मला जाऊन यावं लागेल, महिनाभर. तिने मान हलवली, जणू दूधवाल्याने उद्या येणार नाही म्हणून सांगितलं. तेवढ्याने मला राग आला आणि जे तीन आठवडे गिळलं होतं ते बाहेर पडलं.

"तू तुझ्या ऑफिसात काय सांगतेस माझ्याबद्दल? नवरा तिकडेच आहे? ती चष्मेवाली दारात मला भाऊ समजून गेली."

मला वाटलं गडबडेल. ती घसरगुंडीकडे बघत राहिली.

"साहेबांनी विचारलं, नवऱ्याशी बोललात का. मी म्हटलं, तो अजून यायचाय. तोंडातून निघून गेलं. घरी येताना बसमध्ये वाटलं, काय हे खोटं बोललो आपण. घरात आले तर तुम्ही कुकरसमोर उभे राहून कुणालातरी सांगत होता, तार मोजून घ्या. मग नाही वाटलं खोटं."

"नवऱ्याशी काय बोलायचं होतं?"

"मला कायम करतायत. तीन वर्षांचा करार. महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं, मी शुक्रवारी दिलं."

"काय दिलं?"

"हो म्हणून."

"मला न विचारता?"

"तीनदा विचारलं. पहिल्यांदा वसतिगृहाची मोटर बसली. दुसऱ्यांदा मी म्हटलं, आपण इथे राहायचं का, आणि तुम्ही म्हणालात, वार्निश सुकू द्या. मला क्षणभर खरंच वाटलं मला म्हणताय, घाई नको म्हणून. तिसऱ्यांदा डेअरीची गाडी दारात होती."

गुंड्या घसरगुंडीवर उलटा झोपून खाली येत होता. आम्ही दोघं एकदमच "ए!" म्हणून ओरडलो. मग परत बसलो.

"जायचं असेल तर जा," ती म्हणाली. "अगदी खरं सांगते, अडवणार नाही. त्या जिन्याखालच्या टेबलापासून मी बघितलंय सगळं, मला कळतं. तुम्ही तिकडे असलात तर तिकडे असा. मी मुलांना सांगेन बाबा तिकडे आहेत, ती फोनची वाट बघतील. सोपं आहे ते. पण इथे सोफ्यावर बसलेल्या माणसाची वाट बघायला त्यांना शिकवता येत नाही मला."

माझ्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाला उत्तर असतं. आज मी म्हटलं, "थंडी वाजतेय, चल वर जाऊ."

२५ नोव्हेंबर

तिकिटं बघत बसलो. शुक्रवारचं आहे, सोमवारचं आहे. बोट फिरवतो आणि परत मागे येतो. उठतो, खिडकीशी जातो, बस बघतो, परत बसतो. गुंड्या माझ्या मागे मागे फिरतोय, त्याला वाटतं हा खेळ आहे.

माझ्या जागेवर जाऊन बसायचं. टेबल, वार्निशचा वास, चहा, हातात स्क्रू ड्रायव्हर. डोळे मिटले की सगळं दिसतं. मिस्त्री "या शेठ" म्हणेल आणि अर्धा फूट बाजूला सरकेल. पोरं मान खाली घालतील. आणि मग? मग दुपार झाली की मी काय करणार ते मला स्वतःला पक्कं माहीत आहे. इअरफोन कानात घालणार आणि हे घर ऐकत बसणार. दोन्ही एकदम!

ठमी फोनवर म्हणेल, "मी मजेत आहे बाबा." बायको म्हणेल, "सगळं ठीक." आणि मला ते लोण्यासारखं ऐकू येणार. खाली काय घासतंय, काय तापतंय, ते फोन गाळून टाकणार. एक दिवस काहीतरी जळेल आणि मी म्हणेन, अरे, माझ्या कानाला तर काही आलं नव्हतं.

तिकिटांचं पान बंद केलं. पाच मिनिटांनी परत उघडलं. परत बंद केलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी मिस्त्रीच्या घरी फोन केला. त्याची बायको म्हणाली, "शेठ, हे नाश्ता करतायत, काही जळलं का?" गेल्या दोन महिन्यांत मी किती भीती पेरून ठेवलीये!

मिस्त्रीला म्हटलं, दुकान तुम्ही चालवायचं. माझा माणूस म्हणून नाही, भागीदार म्हणून. पाटीवर तुमचं नाव माझ्या शेजारी लावा. डेअरीवाल्याकडे मी स्वतः बोलतो, ती चूक माझी होती हे त्याला माझ्या तोंडून कळलं पाहिजे.

बराच वेळ काही आवाज नाही. मी म्हटलं, "मिस्त्री? की हेही फोन गाळतोय?"

"ऐकतोय शेठ." कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. "पाटीवर नाव मोठं नको. लोक उगाच विचारतात."

"आणि मी फोन करत जाईन. गुरुवारी."

"गुरुवारी दुकान बंद असतं."

"म्हणूनच."

तो हसला. मिस्त्रीचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं, इतक्या वर्षांत. ठेवताना म्हणाला, "तिकडे काय करणार हो तुम्ही दिवसभर?" मी म्हटलं, ते मला ठाऊक नाही. खरंच नाही. फोन ठेवल्यावर हाताला काही सुचेना. कपाटाची एक बिजागरी घट्ट केली. ती सैल नव्हतीच.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. तिने एकदाच विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की नाही. पण सांगून टाकलंय." ती म्हणाली, "मीही तसंच केलं होतं." मग शनिवारी कारखान्यात जेवण आहे, येता का, असं चप्पल काढता काढता विचारलं, माझ्याकडे न बघता.

२९ नोव्हेंबर

कारखान्याच्या लांबलचक हॉलमध्ये टेबलं मांडली होती. मी इस्त्रीचा सदरा घातला होता, ठमीने माझा भांग पाडला होता, चुकीच्या बाजूला. लिफ्टमध्ये बायको म्हणाली, "विचारतील, कधी आलात. काय सांगू?"

"तुझं ऑफिस. तू ठरव."

तिचा साहेब उंच, बोलताना वाकणारा माणूस. तिने माझ्या दंडाला धरून पुढे केलं. असं तिने मला चारचौघांत कधी धरलं नव्हतं.

"हे माझे मिस्टर."

"अखेर आले! कधी?"

"काल," बायको म्हणाली.

बाजूला चष्मेवाली उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, गुंड्याकडे बघितलं, आणि चष्मा काढून पदराएवढ्या मोठ्या रुमालाने पुसायला घेतला. एक शब्द बोलली नाही. बाई भली आहे.

साहेबाने माझा हात हातात घेऊन हलवला. "प्रवास कसा झाला?"

"लांबला जरा," मी म्हटलं.

"आणि सामान? सगळं नीट पोचलं ना?"

मी बायकोकडे बघितलं. ती माझ्याचकडे बघत होती. माझ्या मोडक्या भाषेत जेवढं जमलं तेवढं नीट सांगितलं.

"नाही साहेब, अजून नाही. मागून येतंय."